फोनवरचा पहिला प्रश्न

प्रश्न : ताई, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. वडिलांनी १९७४ साली सुरू केली. गेल्या दिवाळीत मुलाने कंपनीची वेबसाइट नव्याने करून घेतली. पहिल्या पानावर पाच मोठे फोटो आपोआप सरकतात, खाली 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय' आणि वडिलांची माहिती आहे. बघणारे छान म्हणतात, पण चौकशीचा एकही मेल नाही. पैसे वाया गेले का? साइटचा पत्ता सोबत देत आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काका, वाया गेलेले नाहीत. पान घरच्यांना आवडेल असं झालंय, गिऱ्हाइकाला लागेल असं अजून व्हायचंय.

तुमची साइट मी मोबाइलवर उघडली. पहिला फोटो भट्टीतून रस ओततानाचा, फार देखणा. त्यावरची ओळ वाचायला घेतली तोवर तो सरकला आणि ऑफिसची इमारत आली. पाचही फोटो संपले तरी तुम्ही ग्रे आयर्न ओतता की एसजी, म्हणजे बिडाचा कोणता प्रकार, किती किलोपर्यंतचं कास्टिंग (ओतीव भाग) घेता, मशीनिंग करून देता का, काहीच कळलं नाही. चाकणच्या कारखान्यात परचेसला बसलेल्या माणसाकडे ड्रॉइंग तयार असतं आणि समोर चार-पाच फाउंड्र्यांच्या साइट उघड्या असतात. तो थांबत नाही, पुढच्या साइटवर जातो.

म्हणून आधी डिझाइनरला फोन करू नका. ऑफिसात फोन घेणाऱ्याला एक वही द्या. आठवडाभर नवीन माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. एका पंप बनवणाऱ्यांकडे मी अशी वही ठेवली होती. निम्म्याहून जास्त फोन सुट्या भागांसाठी होते आणि त्यांच्या पहिल्या पानावर सुट्या भागांचा उल्लेखच नव्हता!

वहीत जे वारंवार येईल ते सगळ्यात वर. तुमच्याकडे बहुधा असं होईल : 'ग्रे आणि एसजी आयर्न कास्टिंग, २ ते ८० किलो, मशीनिंगसह. शिरोली, कोल्हापूर. १९७४ पासून.' आकडे अर्थात तुमचे घाला. वडिलांचं नाव आणि त्यांची हकिकत 'आमच्याविषयी'च्या पानावर सविस्तर द्या, ती तिथे मनापासून वाचली जाईल. पहिल्या पानावर ते साल पुरेसं बोलतं.

त्याखाली एकच ठळक बटण : 'ड्रॉइंग पाठवा'. 'अधिक जाणून घ्या' नको, त्यातून पुढे काय होणार ते समजत नाही. फॉर्ममध्ये नाव, फोन आणि फाइल जोडायची जागा, बस्स. सध्या तुम्ही हुद्दा, पिनकोड, 'आमच्याबद्दल कुठून कळलं' हेही विचारताय. दहा रकाने बघून माणूस कंटाळतो.

फोटो एकच ठेवा, तोही स्थिर. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या साइटवरची मोजणी २०१३ साली प्रसिद्ध झाली होती : सरकत्या चित्रांवर जेमतेम १ टक्का लोकांनी क्लिक केलं, त्यातही बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर. मशीनिंग झालेलं एखादं कास्टिंग शेजारी फूटपट्टी ठेवून काढा. कॅमेऱ्यातली पाच-सहा एमबीची फाइल तशीच चढवू नका, लहान करून घ्या. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गुगलची शिफारस आहे, आणि तुमचं पान माझ्या मोबाइलवर बराच वेळ पांढरंच होतं.

आणखी एक, यानेच मला सगळ्यात वाईट वाटलं. तुमचा फोन नंबर वरच्या चित्रात रंगवलेला आहे. त्यावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही, कॉपीही होत नाही. तो साध्या अक्षरांत, दाबताच लागेल असा करून घ्या. हे काम आजच होईल.

नवं पान झालं की घरच्यांना 'कसं वाटतं?' विचारू नका. साइट कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात मोबाइल द्या आणि म्हणा, '४० किलोचं एसजी कास्टिंग इथे मिळेल का, बघ.' मग गप्प बसा. त्याचा अंगठा जिथे अडेल ती जागा दुरुस्त करा.

प्रश्न : आमच्या मसाल्यांच्या साइटवर मराठी मथळ्याची अक्षरं तुटक दिसतात. फॉन्ट बदलू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फॉन्ट बहुधा ठीक असेल. इंग्रजी मथळ्यासाठी अक्षरांमध्ये सोडलेलं जादा अंतर तसंच मराठीला लागलंय, त्याने शिरोरेषा तुटते. ते शून्य करायला सांगा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवून घ्या. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे न दिसता आपल्या वळणाचे दिसतील.