सत्याग्रहाने गोवा मुक्त झाला नाही, मग त्याने साधले काय?

प्रश्न : गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाईमुळे; १९४६ आणि १९५५ चे सत्याग्रह निष्फळच ठरले, असे महाविद्यालयात शिकणारा माझा नातू म्हणतो. अहिंसक प्रतिकार इंग्रजांपुढे चालला, पोर्तुगालच्या सालाझारसारख्या हुकूमशहापुढे तो चालत नाही, हे त्याचे म्हणणे खरे मानावे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या नातवाने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे आणि सत्याग्रहींविषयीच्या आदरापोटी हा प्रश्न टाळणे योग्य होणार नाही. पोर्तुगीज सत्ता सत्याग्रहाने हटली नाही, हे मान्यच करावे लागते. मात्र त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मला अपुरा वाटतो.

अहिंसक प्रतिकार म्हणजे राज्यकर्त्याच्या दयाबुद्धीला घातलेली साद, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. गांधीजींच्या विचारात हृदयपरिवर्तनाला मोठे स्थान होते खरे; परंतु त्यांच्या असहकाराचा पाया याहून कठोर होता. कोणतीही सत्ता प्रजेने भरलेल्या करावर, केलेल्या चाकरीवर आणि पाळलेल्या हुकमांवर उभी असते, आणि प्रजेने हा आधार काढून घेतला की ती खिळखिळी होते. म्हणून राज्यकर्ता सज्जन की दुर्जन यापेक्षा त्याचे प्रतिकार करणाऱ्यांवाचून किती अडते, हे आधी पाहावे लागते.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याची सीमा ओलांडून आत शिरले आणि पत्रादेवीसह ठिकठिकाणी झालेल्या गोळीबारात वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. त्यांच्या धैर्याविषयी दुमत होऊच शकत नाही. परंतु त्यांतील बहुतेक जण भारतातून आलेले होते. पोर्तुगीज प्रशासन त्यांच्या करावर वा श्रमावर चालत नव्हते, त्यामुळे काढून घेण्याजोगे सहकार्यच त्यांच्या हाती नव्हते. गोव्यातील नेत्यांना तर आधीच दूर केले गेले होते : त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा आणि पुरुषोत्तम काकोडकर यांना १९४६ मध्ये अटक करून पोर्तुगालला हद्दपार करण्यात आले. शिवाय तेथील वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा पहारा असल्याने आपल्या सरकारने काय केले, हे लिस्बनच्या नागरिकापर्यंत धडपणे पोहोचतच नव्हते. इंग्रजही जालियनवाला बाग घडवू शकले. फरक इतकाच की त्यांच्या संसदेत आणि वृत्तपत्रांत त्यावर उघड वाद होऊ शकला.

आणि सत्ता हटली नाही म्हणून सत्याग्रह निष्फळ म्हणायचा, तर तोच निकष शस्त्र हाती घेणाऱ्या आझाद गोमंतक दलालाही लावावा लागेल. मोहन रानडे यांच्यासारख्या क्रांतिकारकाने १९६९ पर्यंत तुरुंगवास सोसला, तरी त्या मार्गानेही पोर्तुगीज गेले नाहीत. दोन्ही मार्गांनी लढणाऱ्यांचे मोल या एका मापाने करणे मला अन्यायाचे वाटते.

मग साधले काय? १८ जून १९४६ च्या दुपारी मडगावात पाऊस कोसळत होता. परवानगीवाचून सभा घेण्यास बंदी होती, तरीही लोक मोठ्या संख्येने जमले. डॉ. राममनोहर लोहिया बोलू लागताच प्रशासक कॅप्टन मिरांडा पिस्तूल काढून पुढे झाला. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांना अटक झाली, पण ज्या अधिकाऱ्याच्या नजरेला नजर देण्याची लोकांना सवय नव्हती, त्याचे शस्त्र भर सभेत निष्प्रभ झालेले मडगावकरांनी पाहिले. हुकमाची जरब अशी एकदा ओसरली की ती पुन्हा पूर्वीसारखी बसवणे कोणत्याही सत्तेला अवघड जाते. त्या वर्षी गोवेकरांनी सभाबंदी मोडून स्वतःहून अटक करवून घेतली, हे मी त्या चळवळीचे सर्वांत मोठे फलित मानतो.

आपल्या नातवाला जवळचे उदाहरण हवे असेल, तर २००७ हे वर्ष पाहावे. जमिनीच्या वापराविषयीचा प्रादेशिक आराखडा २०११ आणि विशेष आर्थिक क्षेत्रे यांच्याविरुद्ध गोव्यात सभा आणि मोर्चे झाले. सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला आणि वर्ष सरताना विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. हे सरकार याच लोकांच्या मतांवर निवडून येणारे होते; सालाझारला गोवेकरांच्या मतांची गरज कधीच पडली नव्हती.