जुन्या कारखान्यांच्या फोटोत माणूस मशीनपुढे एवढुसा का दिसतो?

तुम्ही विचारलंय की जुन्या कारखान्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत माणसं मशीनपुढे एवढुशी का दिसतात, मुद्दाम तसं काढायचे का. हो, बऱ्याचदा मुद्दामच. फोटोचे पैसे कंपनी द्यायची, तिला मशीन विकायचं असायचं, शेजारी माणूस उभा केला की साइज कळायची, बास, त्याचं काम तेवढंच. रेल्वे इंजिनाला तर खास फोटोसाठी करडा रंग मारायचे, म्हणजे चमक न येता एकेक रिव्हेट (पत्रे जोडणारी खिळ्यासारखी कडी) नीट दिसावा. इंजिनाची एवढी बडदास्त आणि शेजारच्या कामगाराचं नाव बहुतेक वेळा कुठेच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण हीच साइज दाखवायची युक्ती लुईस हाईन या अमेरिकन फोटोग्राफरने पार उलटी वापरली. अमेरिकेत १९०८ पासून तो बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या समितीसाठी गिरण्यांमधून फोटो काढत फिरला. मुलांची उंची गुपचूप मोजता यावी म्हणून तो आपल्या जाकिटाच्या बटणांचा अंदाज घ्यायचा, कुठल्या बटणापर्यंत पोरगं येतं ते बघायचं आणि नंतर लिहून ठेवायचं. १९०९ चा जॉर्जियातल्या मेकन गावच्या गिरणीतला फोटो बघाच, सूत कातायच्या मशीनवर पोरं अनवाणी चढलीयत, कारण तुटलेला धागा जोडायला आणि रिकाम्या बॉबिन (सूत गुंडाळायच्या रिळी) बसवायला खालून हातच पोचत नाही. इथे मशीनचा मोठेपणा म्हणजे थेट पुरावा झाला.

नंतर १९२० मध्ये त्याने पॉवरहाऊसमधल्या मेकॅनिकचा तो प्रसिद्ध फोटो काढला, स्टीम पंपापुढे वाकलेला, हातात हा भलामोठा पाना, आणि पाठीची कमान अगदी त्या गोल पंपासारखीच वळलेली. पोज देऊन काढलाय म्हणून काही जण नाकं मुरडतात, मला नाही पटत ते, दंडाचे ताणलेले स्नायू बघा की, आणि कंपनीच्या फोटोतला माणूस तरी कुठे आपणहून उभा होता! फरक एवढाच की इथे आधी माणूस दिसतो, मग पंप.

हाईनचे बालमजुरीचे ५,००० च्या वर फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत. झूम करून बघा, आणि खालच्या ओळी सोडू नका, वय, उंची, काम, जे कळलं ते तो तिथेच लिहायचा.