शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि हिरा दोन्ही कार्बनच, मग एक मऊ आणि दुसरा इतका कठीण का?

फरक अणूंचा नसून त्यांच्या मांडणीचा आहे: हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी चार दिशांनी घट्ट बांधलेला असतो, तर ग्रॅफाइटमध्ये तो एकाच प्रतलातील तिघांशी जोडलेला असून असे थर एकमेकांवर केवळ क्षीण आकर्षणाने टिकून असतात. भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची रचना उलगडली, आणि ग्रॅफाइटचीही पुढे इतर संशोधकांनी त्याच मार्गाने उलगडली. थरातील शेजारच्या अणूंमध्ये ०.१४२ नॅनोमीटर अंतर असते, दोन थरांमध्ये मात्र ०.३३५, कागदावर पेन्सिल ओढताना नेमके तिथेच थर सुटतात आणि काळी रेघ उमटते. तरीही ग्रॅफाइटमधील सगळेच बंध दुबळे समजू नयेत, कारण थराच्या आतला बंध हिऱ्यातील ०.१५४ नॅनोमीटरच्या बंधापेक्षाही आखूड आणि बळकट असतो.