रस्सा दाट करताना कॉर्नफ्लोअर

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढरा स्टार्च. पिवळं मक्याचं पीठ वेगळं. एक कप रश्श्याला 1 मोठा चमचा पुरे, आधी 2 मोठे चमचे गार पाण्यात कालवलेला. कोरडं थेट गरम रश्श्यात टाकलंत तर कणांचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं, आत पूड कोरडीच राहते, म्हणून गुठळ्या. उकळी आली की ढवळत मिनिटभर शिजवा, कच्चट चव जाते. आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा व्हिनेगर मात्र गॅस बंद केल्यावरच घाला. आंबटात बराच वेळ उकळलं की दाटपणा मोडतो, आणि मग लोक उगाच अजून पूड ओततात!

खायला सुरक्षित आहे. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) नसतं, तरी सिलिअॅकवाल्यांनी, म्हणजे ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी, गव्हाच्या मिसळीसाठी पाकीट वाचावंच. मधुमेहींनी हे पिष्ट म्हणून मोजावं. गोव्याच्या पावसात घट्ट झाकणाची बरणी हवी. कुबट वास आला तर चाळत बसू नका, टाकून द्या.