नव्या शेगडीसाठी भांडी कोणती घ्यावीत, आणि पातेली खालून काळी का होतात?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात नवीन संसार मांडलाय, काचेची तीन बर्नरची शेगडी घेतलीय, भांडी अजून घ्यायची आहेत, आणि आहेत ती पातेली खालून काळी पडतायत.

काळं पडण्याचं आधी सांगतो, कारण त्यात भांड्याचा दोष नाही. ज्योत बघा. ती निळी आणि स्थिर हवी. पिवळी, फडफडणारी असेल तर गॅसला हवा पुरत नाही, तो अर्धवट जळतो. त्याचीच काजळी बुडाला बसते, आणि बिनवासाचा विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. बहुतेक वेळा भात उतू जाऊन बर्नरची भोकं बुजलेली असतात. बर्नर गार झाल्यावर काढा, गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, टाचणीने एकेक भोक मोकळं करा आणि पूर्ण वाळवून नीट खाचेत बसवा. आतल्या जेटला, म्हणजे गॅस जिथून येतो त्या बारीक तोंडाला, मात्र टाचणी लावू नका, त्याचं भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि ज्योत आणखी बिघडते. तरीही पिवळीच राहिली तर एजन्सीचा मेकॅनिक बोलवा.

आता भांडी. माझं ठाम मत आहे की पैसे बुडात घालावेत. महाद्वार रोडला गेलात की झाकण, कडी, चकाकी बघण्याआधी पातेलं दुकानाच्या काउंटरवर ठेवा आणि काठावर बोट दाबा. डुगडुगलं तर परत द्या. नुसत्या पातळ स्टीलमधून उष्णता पसरत नाही. ज्योतीच्या कड्यावर गोल डाग पडून तिथंच करपतं, बाजूला कच्चं राहतं. म्हणून स्टील घ्यायचं तर दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम असलेलं, जाड बुडाचं.

कोल्हापुरात राहताय म्हणजे रविवारी रस्सा होणारच, आणि भांड्याचा खरा कस तिथं लागतो. तांबड्या रश्श्याचा मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा तर जाड बूडच हवं. पांढऱ्या रश्श्याला त्याहून जास्त जपावं लागतं: नारळाचं दूध घातलं की आच अगदी बारीक करा, हलवत राहा, खदखदू देऊ नका. पातळ पातेल्यात तो हमखास फुटतो.

भाकरीसाठी नॉनस्टिक तवा घेऊच नका. ज्वारीच्या भाकरीला कडक तापलेला लोखंडी किंवा बिडाचा तवा लागतो, आणि नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे खराब होऊन धूर सोडतो. घावन, ऑम्लेटपुरता तो ठीक, पण रिकामा तापवायचा नाही. घरातून पितळेचं पातेलं आलं असेल तर कल्हई करूनच वापरा. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे तेही रिकामं आचेवर ठेवू नका. चिंच, कोकम, टोमॅटो साध्या ॲल्युमिनियममध्ये शिजवू नये. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, डाळ असेल तर निम्माच.

ज्योत बुडाच्या बाहेर आली की गॅस वाया जातो आणि कडी तापते. लहान भांडं लहान बर्नरवर ठेवा. उकळी फुटली की आच कमी करा. मोठ्या आचेनं उकळतं पाणी जास्त गरम होत नाही, नुसतं लवकर आटतं. काचेवर तापलेलं भांडं टेकवू नका, आणि काच गरम असताना ओलं फडकं फिरवू नका.

गॅसची टाकी उभी आणि शेगडी तिच्यापेक्षा उंच कट्ट्यावर हवी. नळी आयएसआय शिक्क्याची केशरी सुरक्षा नळी घ्या, पाच वर्षांनी बदला, आणि चिरा दिसल्या तर लगेच. टाकी बदलली की जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा, काडी ओढून बघायचं नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं किंवा एक्झॉस्ट फॅनचं बटण चालू नाही की बंद नाही, हात लावायचाच नाही, ठिणगी पडते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं फरशीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी पुरत नाही, दारही सताड उघडा. मग घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.