मॉर्फिनची गोळी आणि ‘चर्चला चालत नाही’

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला रुग्णालयात जातो तेव्हा आणि पत्रांतूनही तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांच्या मुळाशी कुणीतरी सांगितलेले ‘चर्चला चालत नाही’ असते. म्हणून ही उत्तरे.

मरणोत्तर नेत्रदान केले तर पुनरुत्थानाला अडचण येते का? (मडगाव)

नाही. खुशाल करा, पण घरच्यांना आजच सांगून ठेवा.

दाताचा एक्स-रे काढला, मग कळले की दिवस गेलेत. शेजारीण म्हणते, मूल व्यंग घेऊन येईल, पाडून टाक. (डिचोली)

दाताच्या एक्स-रेची किरणे गर्भापर्यंत पोहोचतात ती नगण्य. गर्भधारणेपासूनच तो जीव माणूस म्हणून जपायचा, ही चर्चची शिकवण आहे, आणि इथे तर भीतीलाच आधार नाही. शेजारणीला नव्हे, स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा, याच आठवड्यात.

वडिलांना कर्करोग आहे. डॉक्टरांनी मॉर्फिन दिलेय. आत्या म्हणते, ती गोळी म्हणजे हळूहळू मारणे; येशूने क्रुसावर सोसले, दादानेही सोसावे. (वाळपई)

गोळी द्या. आजच द्या.

पोप बारावे पायस यांनी 1957 मध्येच डॉक्टरांना सांगितले होते की हेतू वेदना शमवण्याचा असेल, तर आयुष्य थोडे घटण्याची शक्यता असली तरी असे औषध देता येते. चर्चची शिकवण आजही तीच आहे. जीव घेण्यासाठी औषध देणे हे पाप. कळ थांबवण्यासाठी देणे ही सेवा. आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत मॉर्फिन मरण ओढून आणते, ही ऐकीव गोष्ट आहे.

एका घरी गेलो होतो. आजीला कूस बदलता येत नव्हती. रोझरी मुठीत इतकी आवळलेली की तळव्यावर मण्यांचे वळ उठले होते. गोळ्यांची पट्टी घरच्या आल्तारावर मेणबत्तीमागे, एकही गोळी न काढलेली. मुलगा म्हणाला, “अगदीच असह्य झाले की द्यायची म्हणून ठेवलीय, फादर.” अकरा दिवस झाले होते! त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. दोन दिवसांनी आजीने माझ्याबरोबर ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ शेवटपर्यंत म्हटले.

आत्यांना सांगा, येशूकडे आलेल्या एकाही आजाऱ्याला त्याने ‘सोस’ म्हणून परत पाठवले नाही. स्वतःहून कुणी थोडे दुखणे अर्पण केले तर तो त्याचा निर्णय; दुसऱ्याच्या वतीने ते ठरवायचा हक्क कुणालाच नाही. मात्रा स्वतः कमीजास्त करू नका. या गोळीने बद्धकोष्ठ होतो, त्यावरचे औषधही डॉक्टरांकडून मागून घ्या. आणि रुग्णाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्कारासाठी, फादरना शुद्ध हरपण्याआधी बोलवा. तो संस्कार फक्त शेवटच्या श्वासासाठी नाही.

एक एजंट ‘चर्चमान्य लिव्हिंग विल’ करून देतो म्हणून पाच हजार मागतोय. (म्हापसा)

देऊ नका. लिव्हिंग विल म्हणजे पुढे स्वतः सांगता येईनासे झाले तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणे. ‘चर्चमान्य’ हे लेबल त्याने माल खपवायला लावले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. निष्फळ, न पेलणारे उपचार नाकारायला चर्चची हरकत नाही. जीव घ्या, असे मात्र लिहिता येत नाही. नळीने अन्नपाणी देण्याचा मुद्दा नाजूक आहे. सही करण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी आणि पॅरिशच्या फादरशी बसून बोला.

भावाने आत्महत्या केली. लोक म्हणतात, चर्चच्या दफनभूमीत जागा मिळणार नाही. (फोंडा)

मिळेल, आणि मिस्साही होईल. 1917 च्या चर्च कायद्यातली मनाई 1983 च्या कायद्यात राहिली नाही. त्याच्या मनावर काय भार होता ते देवाला ठाऊक आहे, आणि चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करते.

पत्राच्या शेवटी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलेय, ‘आता मलाही जगून काय करायचे?’ ते मी वाचले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही उचलतात. हे वाचून होताच लावा. उद्या सकाळी बांबोळीला मानसोपचार संस्थेत जा, आणि एकटे जाऊ नका; घरचे कुणी नसेल तर तुमच्या फादरना बरोबर यायला सांगा.