वॉर्डात वापरायला जुन्या टॉर्चऐवजी कोणता एलईडी पेनटॉर्च घ्यावा?

लुमेनच्या, म्हणजे उजेड किती हे सांगणाऱ्या, आकड्याला भुलू नका. हजार लुमेनचा झोत डोळ्यात मारलात तर पेशंट डोळे गच्च मिटून घेईल, मग बाहुली बघणार कशी? सर्वांत मंद मोडवर सुरू होणारा टॉर्च घ्या.

खरा मुद्दा रंगाचा. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात घशाची लाली फिकी दिसते, हलकी कावीळ नजरेतून निसटू शकते. म्हणून सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर आणि उजेडाचा रंग ४००० ते ४५०० केल्विनच्या आसपास, म्हणजे ना फार निळसर ना फार पिवळा, हवा. निचिया या जपानी कंपनीच्या २१९बी एलईडीवाले पेनटॉर्च याचसाठी आवडीने घेतात.

सेल एएए असू द्या, नाइट ड्युटीला कुणाकडेही मिळतात. माझा जुना टॉर्च अल्कलाइन सेल गळून आतून पार गंजला, तेव्हापासून मी रिचार्जेबल एएए सेलच वापरतो. आणि हो, बटण अ‍ॅप्रनच्या खिशात आपोआप दाबलं जाणारं नको.